चपलांपाशी ठेवलेली हलगी

"ती बाहेर ठेव. चपलांपाशी."

सर माझ्या हलगीकडं बोट करून म्हनले. माझ्याकडं न बघता. कॉलेजचा हॉल, तालमीचा पहिला दिवस. सतरंजीवर नटराजाचा फोटो, म्होरं पेटी, तबला, झांजा. समद्यांना हळद-कुंकू, झेंडूचं फूल. सरांची रीतच हाय ती. दर नाटकाला आधी वाद्यांची पूजा, मग नांदी.

अन् माझी हलगी बाहेर. कुनाच्यातरी चिखलाच्या बुटावर.

सर म्हंजे कोन, सांगते. माझ्या जन्माआधीपासून नगरला संगीत नाटक शिकवत्यात, बसवत्यात. त्यांच्या हाताखालची पोरं टीव्हीवर गात्यात. यंदा रिटायर. हे त्यांचं शेवटचं नाटक. सोनईवरनं एसटीनं येऊन मी ऑडिशन दिली तवा सर खुर्चीतनं उठलेले! "वा! जत्रेच्या प्रवेशाला हाच ठेका हवा." मी हवेत! पप्पांना फोन केला, रडलेच ते. हलगी त्यांचीच. आमी मातंग. लग्न, जत्रा, मयत, पप्पांनी समद्यांच्या म्होरं वाजवली, पन मांडवात कदी बसले न्हाईत. मला वाटलं, मी बसनार.

पूजेच्या दिशी गप बसले. सगळ्या तालमी गप. जत्रेचा प्रवेश आला की हलगी आत आनायची, विंगेत उभं राहून वाजवायची, परत बाहेर. पेटीवाला ओंकार माझा दोस्त. तो म्हनायचा, "अगं, सर जुन्या वळणाचे आहेत. मनाला लावून घेऊ नको."

कुनाच्या मनाला लावू मग?

नगरचा प्रयोग. थेटराच्या मागं कागद पेटवून हलगी शेकली. शेकल्याबिगर ती बोलत न्हाई. तशीच गरम घेऊन सरळ आत गेले. पडदा बंद, स्टेजवर पूजा चाललेली. मी हलगी पेटीच्या शेजारी ठेवली.

"उचल ते."

"सर, तबल्यालाबी कातडंच हाय."

ओंकार पेटीच्या पट्ट्यांकडं बघत बसला.

"इतकी वर्षं या रंगमंचाचं पावित्र्य जपलंय मी," सर म्हनले. "तुझ्यासाठी घालवणार नाही. विंगेत वाजवायचं तर वाजव, नाहीतर चालती हो."

चालती झाले. हलगी घेऊन. बाहेर पायरीवर बसले. रडू आवरंना. आता जत्रेचा प्रवेश मुका जानार, असं वाटलं. वाईटबी वाटलं, खोटं कशाला बोलू.

अन् आतनं हलगी वाजली.

माझी! तालमीत ओंकारनं मोबाईलवर रेकॉर्ड केल्ती. तीच स्पीकरवर लावली. माझा हात, माझा ठेका, एका जागी चुकले हुते ती चूकसुदिक माझी. टाळ्या! वन्समोअर! अन् मी बाहेर, पायरीवर.

म्हंजे आवाज पायजे. मानूस नको.

तवा रडू थांबलं. खरंच थांबलं.

प्रयोग संपला. सरांना हार, शाल, लोक पाया पडत्यात. मी थेट ओंकारपाशी. "मोबाईल दे." त्यानं मुकाट दिला. रेकॉर्डिंग डिलीट. डिलीट झालेलं जिथं जाऊन पडतं ना, तिथनंबी डिलीट.

ते बघून सर धावत आले. शाल खांद्यावरनं घसरलेली.

"वेडी आहेस का तू? उद्या श्रीरामपूरला प्रयोग आहे!"

"हाय ना."

"मग हलगीचं काय?"

पहिल्यांदा सर माझ्या डोळ्यांत बघत हुते.

"हलगी माझ्यापाशी हाय, सर. ती पेटीच्या शेजारी बसंल. मीबी तिथंच, उजेडात. न्हाईतर तुमची जत्रा मुकी."

सरांनी शाल सावरली अन् पाठ फिरवली. श्रीरामपूरला मला बोलावलंबी न्हाई. जत्रा मुकीच गेली, ओंकारनं सांगितलं. मला आनंद झाला न्हाई. राग हाय तो तसाच हाय.

आता मीच एक नाटक बसवतीय. ज्याचा आवाज घ्यायचा तो मानूस स्टेजवर. विंगेत मी परत उभी राहनार न्हाई. अन् चपलांपाशी कुनाचंच वाद्य ठेवू देनार न्हाई.