साफ प्रत

दाना ओली या गल्लीतल्या मधुसूदनराव राजवाड्यांनी उभ्या जन्मात एकाच विषयावर ठासून मत दिलं, आणि तो विषय म्हणजे मेजर तेजपाल. कचेरीत बत्तीस वर्षं त्यांनी साहेबांच्या मताला मान डोलावली. घरात लग्नाचा विषय निघाला की त्यांचं पोट दुखायचं. पण या हिंदी हेरकथामालेच्या एकशे अठरा पुस्तकांपैकी कुठल्या पुस्तकात मेजरचं पिस्तूल कराचीला पडलं आणि कुठल्यात ताश्कंदला, हे त्यांना झोपेतून उठवून विचारावं.

अशा वेड्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. चारशे लोक, बहुतेक पन्नाशीपुढचे पुरुष. जुनी पुस्तकं शोधायची, पानं स्कॅन करायची, ग्रुपवर चढवायची. मधुसूदनराव त्याचे ॲडमिन. त्यांचा एक नियम होता: प्रत साफ हवी. पेन्सिलीची एकही खूण दिसता कामा नये. आधी रबराने पुसा, मग स्कॅन करा. लोकांना वाटे, म्हातारा शिस्तीचा आहे. शिस्त कसली! चोराच्या मनात चांदणं. म्हातारा घाबरत होता, आणि त्याला कारण होतं.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी शहरातल्या हजीरा भागात कादंबऱ्या भाड्याने देणारं एक दुकान होतं. तिथून आणलेल्या एका पुस्तकात मेजर जखमी होतो आणि त्याचा नवीन नावाचा सहकारी त्याच्या उशाशी बसून राहतो. त्या पानाच्या कडेला कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘या अख्ख्या मालिकेत खरं प्रेम एवढंच आहे.’ विशीतल्या मधूला दरदरून घाम फुटला. दर पुस्तकात मेजरला एक सुंदर बाई भेटायची, शेवटाआधी ती मरायची नाहीतर फितूर निघायची, आणि मेजर नवीनच्या हातचा चहा प्यायला घरी परतायचा. हे आपल्या एकट्यालाच दिसतं असं मधूला वाटत आलं होतं. त्याने खाली लिहिलं, ‘मेजरला ते ठाऊक आहे. बोलत नाही.’ पुढच्या पुस्तकात उत्तर आलं. सहा महिने हे चाललं आणि मग एकदा दुकानाच्या पायरीवर दोघं समोरासमोर आले. लिहिणारा होता हेमेंद्र जगदाळे.

पुढे हेमेंद्रचं लग्न झालं, सोनिका ही मुलगी झाली. दुकान बंद पडलं तेव्हा त्याने सगळी मालिका उचलून दर्पण कॉलनीतल्या घरी आणली. दर गुरुवारी मधुसूदनराव एक पुस्तक परत करत आणि दुसरं नेत. घरात हेमेंद्रची बायको, कुसुमताई, असायच्या. म्हणून बोलायचं ते दोघं समासात लिहीत, आणि तेही मोडीत. राजवाड्यांकडे पिढीजात दरबारी कारकुनी. मधुसूदनरावांनी वडिलांकडून शिकलेली मोडी हेमेंद्रला शिकवली. “मोडी आता वाचतो कोण?” असं म्हणून दोघं हसत. त्यांचा चाळीस वर्षांचा संसार त्या समासांत होता, दुसरी जागा त्यांना कोणी दिली नाही आणि त्यांनीही कधी मागितली नाही.

मागच्या हिवाळ्यात विहंग नावाच्या एका तरुण सभासदाने ग्रुपवर लिहिलं, ‘मेजर आणि नवीनचं एकमेकांवर प्रेम आहे. मी स्वतः तसा आहे, म्हणून मला ते पहिल्याच पुस्तकात दिसलं.’ मग काय, चारशे मेजर त्याच्यावर तुटून पडले. मधुसूदनरावांनी लिहिलं, ‘आमच्या दैवतावर घाण टाकू नका,’ आणि त्याला ग्रुपमधून काढून टाकलं.

गुरुवारी हेमेंद्रने पुस्तक दिलंच नाही.

“मध्या, त्या पोराने तेच लिहिलं जे मी हजीऱ्यात लिहिलं होतं.”

“ग्रुपमध्ये माझी इज्जत आहे, हेमू. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

“मग मला पण हटवून टाक,” हेमेंद्र म्हणाला आणि आत निघून गेला.

पाच गुरुवार मधुसूदनराव गेले नाहीत. सहाव्या आठवड्यात हेमेंद्रचा फोन आला, इस्पितळातून. आवाज ओळखू येत नव्हता. “शेवटच्या पुस्तकात तुझ्यासाठी लिहून ठेवलंय. वाच.” मधुसूदनराव लगेच निघाले, आणि इस्पितळाच्या फाटकापासून परत फिरले. खाटेभोवती सगळे जगदाळे असणार. आपण तिथे कोण म्हणून बसायचं? दोन दिवसांनी हेमेंद्र गेला. स्मशानात ते मागच्या रांगेत उभे राहिले आणि मित्राला शोभेल तेवढंच रडले.

तेरा दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. हेमूने माफ केलं की नाही, एवढंच त्यांना वाचायचं होतं. चौदाव्या दिवशी ते दर्पण कॉलनीत गेले. बैठकीत पुस्तकांची तीन खोकी बांधून तयार होती.

“या भाऊजी. तुमचीच वाट बघत होते,” कुसुमताई म्हणाल्या. “ग्रुपसाठी हवीत ना? घेऊन जा.”

मधुसूदनरावांनी एकशे अठरावं पुस्तक काढलं. शेवटचं पान उघडलं. समास कोरा. मागचं पान कोरं. दुसरं पुस्तक, तिसरं, सगळी कोरी.

“तुमचा नियम आहे ना, साफ प्रत?” कुसुमताई शांतपणे म्हणाल्या. “सुतकात दुसरं काम काय होतं? रोज दुपारी बसत होते. चार रबर खतम झाले.”

“वहिनी, त्यात जे लिहिलं होतं...”

“माझे वडील सरदारांच्या दफ्तरात होते. आम्हा बहिणींना मोडी त्यांनीच शिकवली. तुम्ही दोघांनी कधी विचारलंच नाही.” त्यांनी बाहेर काढलेली पुस्तकं परत खोक्यात ठेवायला घेतली. “आधी मी कधी हात नव्हता लावला. वाटायचं, कहाणीचंच काही लिहीत असतील. पुसायला बसले, तेव्हा नजर पडली. मग सगळी वाचली. एक एक पान वाचलं आणि पुसलं. सोनिकाला काही माहीत नाही. पोरीला बापाचं असं काही कळायला नको.”

नियम त्यांचाच होता. तो नसता तर त्या बाईंनी पुस्तकं उघडलीही नसती.

“शेवटच्या पुस्तकात काय होतं? वहिनी, पाया पडतो, तेवढं सांगा.”

कुसुमताईंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते.

“मला ह्यांनी कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत, भाऊजी. किराण्याची लिस्ट पण मीच लिहायचे.” त्यांनी खोकं पुढे सरकवलं. “बाकी सगळं तुम्हाला मिळालं. ते शेवटचं माझ्याकडे राहू द्या.”

मधुसूदनराव खोकी घेऊन रिक्षात बसले. रस्त्याचा एक खड्डाही त्यांना जाणवला नाही. खिशात मोबाइल सारखा वाजत होता. ग्रुपवर सगळे उतावीळ झाले होते: साहेब, मिळाली का पुस्तकं? कशी आहेत?

दाना ओलीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि लिहिलं, ‘मिळाली. सगळ्या प्रती एकदम साफ आहेत.’