घोंगडीखालची घरघर

अन्याय झाला तो माझ्या सात महिन्यांच्या भाचीवर. टाकवे गावात, बहिणीच्या सासरी, तिच्या उष्टावणाच्या दिवशी, सकाळी अकराच्या पुढं. आणि तो करणाऱ्यांत पहिला मी.

चार दिवस आधी मी लोणावळ्याहून पाठवलेली काजूची चिक्की तिनं चोखली, तेव्हाच ओठांभोवती लाल गांध्या उठल्या होत्या. बहिणीनं फोनवर सांगितलं. मी म्हणालो, "उकाड्याचं असेल गं." बालआहाराची पत्रकं गावोगाव वाटणारा मी! त्यात काय भरवावं ते सगळं होतं. भरवल्यावर काय बघावं, याची एक ओळ नव्हती.

उष्टावणाचा मान मामाचा. खिरीत काजूची पूड होती. दोन चमचे मीच भरवले. थोड्या वेळात तिच्या पोटावर गांध्या आल्या.

"पित्त उठलंय, दुसरं काय न्हाई," बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या. आमसुलाचं पाणी चोळलं आणि पित्तावर आमच्याकडे करतात तेच केलं: पोर घोंगडीत गुंडाळली, पार डोक्यापर्यंत.

"डॉक्टरकडे नेऊ या का?"

"मामा, तुमी कागदं वाटा. पाच पोरं वाढवलीत मी."

पंगत हसली. मीही हसलो, आणि पानावर बसलो.

भात वाढेस्तोवर तिचं रडणं थांबलं. "निजली बघा," सासूबाई म्हणाल्या. बहिणीनं कान लावला. "दादा, हिचा श्वास ऐक." घोंगडी उघडली. ओठ सुजलेले, अंगावर ओकारी, मान ढिली, छातीत घरघर.

गाडी काढून तळेगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी मांडीत इंजेक्शन दिलं, मग विचारलं, "याआधी असं झालं होतं?"

"चार दिवसांपूर्वी."

"मग पुन्हा का दिलं?"



पोर वाचली. घोंगडी सासूबाईंनी पुन्हा कुणावर घातली नाही, टाकलीही नाही. मी गेलो की ती वळणीवर दिसते, आणि तिच्या आतून मला घरघर ऐकू येते.

तुमच्या घरात बाळ असेल तर ऐका. नवं काही खाल्ल्यावर गांध्या उठल्या, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो पदार्थ पुन्हा देऊ नका. ओठ सुजले, ओकाऱ्या सुरू झाल्या, श्वास घरघरला, पोरानं मान टाकली, तर चोळत बसू नका. बाळाला झाकू नका, नजरेसमोर ठेवा आणि गाडी काढा. पंगत हसली तरी.