मधली वीतभर दोरी

अंबाडीच्या सालीचे धागे, म्हणजे वाख, ओला करून दोन पेड करायचे, प्रत्येकाला उजवीकडे पीळ द्यायचा आणि ते एकमेकांवर डावीकडे चढवायचे. धनुष्याची दोरी अशी वळतात, हे मला विठ्ठलवाडीच्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांनी शिकवलं. ठाण्याच्या ऑफिसात दिवसभर कीबोर्ड बडवून कंटाळलेले, म्हणून रविवारी त्यांच्याकडे जायला लागले. बांबूचं धनुष्य त्यांनी करून दिलं. "दोरी मात्र तुझी तू वळ," म्हणाले.

ती मी शहाडला घरी वळायला घेतली. एक टोक आईच्या खाटेला बांधलं. अर्धांगवायूनं आईची उजवी बाजू गेलेली, वाचाही. डोळे कायम छताला. तिला काही कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मध्येच खाली पाण्याचा टँकर आला. वळलेल्या भागाला कपड्यांचा चिमटा लावून, दाराला कुलूप घालून मी गेले. अर्ध्या तासानं आले तर चिमटा चादरीवर पडलेला. दोरी थोडी वाढल्यासारखी वाटली. आपलाच अंदाज चुकला असेल म्हणून मी पुढे वळत राहिले.

रविवारी काकांनी ती हातात घेतली. मोतीबिंदूमुळे ते बोटांनीच बघतात. अर्ध्यावर त्यांचा अंगठा थांबला.

"इथे तू उठलीस."

"हो, टँकर आलेला."

"मग ही वीतभर कोणी वळली?"

"मीच."

"नाही गं. हा जुना हात आहे. आणि एकच हात. बघ, एक पेड ताणलेला, दुसरा ढिला." अंगठा पुढे सरकला. "इथून परत तू."

त्या वेळी दाराला कुलूप होतं. घरात आई सोडून कोणीच नव्हतं.

घरी आले ती थेट तिच्याजवळ. लहानपणी मिठागरावर ती मांडीवर दोऱ्या वळायची, असं कधीतरी तिनंच सांगितलेलं. वाखाचे दोन पेड खाटेला बांधून मी तिच्या डाव्या हाताशी ठेवले. बराच वेळ काही नाही. मग बोटं हलली. पेड मांडीवर दाबून पीळ, दुसऱ्याला पीळ, मग एकावर एक. चेहरा कोरा, डोळे छताला.

"आई? अगं, मी आहे."

पापणीही लवली नाही. घाबरून मी वाख काढून घेतला, तरी बोटं चादरीवर वळतच राहिली. ते बघवेना. मी वाख परत दिला.

तेव्हापासून रोज सकाळी तिच्या हाताशी वाखाची जुडी ठेवून मी ऑफिसला जाते. दिवसभर तिच्याजवळ एक बाई असतात. परवा संध्याकाळी आले तर त्या पिशवी घेऊन जिन्यातच उभ्या.

"ताई, उद्यापासून मी नाय येणार."

"का? काय झालं?"

"दुपारी मला डुलकी लागलेली. उठले तर दोरीचं टोक माझ्या मनगटाला बांधलेलं. गाठ सुटंना. सुरी घेतली तेव्हा सुटले."

मी आत गेले. आई छताकडेच बघत होती. खाटेशी बसून मी माझा हात तिच्या डाव्या हाताखाली सरकवला. तिच्या बोटांनी माझं मनगट सावकाश चाचपलं, आणि मग ती वाख शोधायला लागली.