शेवटचं ताक

हुलसूरच्या अडतीत अप्पांनी उभा जन्म पोती उचलली. आता मांड्या पार वाळल्यात, धोतर नुसतं लोंबतं. तरी सोमवारी मठातल्या दासोहाच्या जेवणाला ते जमिनीवरच पंगतीत बसतात. म्हाताऱ्यांसाठी भिंतीकडेला मांडलेल्या खुर्च्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत. जेवण आटोपून सगळे उठतात आणि अप्पा "थोडं ताक आण की," म्हणत मागे राहतात. मला वाटायचं, म्हातारा ताकाचा भलता शौकीन.

एकदा रेंगाळलो, तेव्हा कळलं. पंगत रिकामी होताच त्यांनी वाटी बाजूला सारली, गुडघ्यावर हात रोवला, अर्धे उठले, थरथरले आणि परत खाली बसले. मी धावत जाऊन हात पुढे केला.

"न्हाई," ते म्हणाले. "डाक्टर म्हणलेत, वापरलं न्हाई की मांस झडतंय. तूच उचलायलास तर माझ्या मांड्या काय करतील?"

तिसऱ्या खेपेला उठले. पाठ ताठ करून त्यांनी मला न्याहाळलं.

"आन् तू कामून खुर्चीवर बसायलास? साठीचा बी न्हाईस अजून."

पुढच्या सोमवारी मी त्यांच्या शेजारी खाली बसलो. पंगत उठली, तेव्हा ताक मागणारे आम्ही दोघं होतो.