म्हातारीवरचं पाणी

वारा पडलेला असताना लाट कुठून येते?

हा प्रश्न मी कळायला लागल्यापासून विचारत आलोय. दादाला विचारला, तो म्हणाला, तिलाच विचार. जोमाकाकाला विचारला, तो म्हणाला, तुझ्या टाळक्यातून येते. नौपाड्यातल्या भटजींना विचारला, त्यांनी आंघोळ केलीस का ते विचारलं. आमच्या बाळकुमच्या धक्क्यावर धुराच्या बोटीवरचा एक साहेब एकदा उतरला होता. त्यालाही मी खाणाखुणा करून विचारलं. त्याला वाटलं मी पाणी मागतोय. त्याने शिपायाकडून तांब्या आणवला.

उत्तर कोणी दिलं नाही. किस्से मात्र भरपूर साठले. धक्क्यापाशी गाळ साठतो ना, तसे. एका भरतीला काही दिसत नाही. एक दिवस बघावं तर मचवा रुतलेला!

आमचा मचवा म्हणजे मालकीचा नव्हे, कल्याणच्या शेठचा. आम्ही चौघं त्यावर. माझा मोठा भाऊ हिराजी, म्हणजे दादा, मचव्याचा तांडेल. सुकाणावर म्हातारा जोमाकाका. वल्ह्यावर पोशा. आणि सगळ्यांच्या शिव्या खायला मी, नथू. कल्याणहून सरपण भरायचं, बाळकुमवरून खाली खाडीने समुद्रापर्यंत जायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने गावांत ते उतरवायचं, हे आमचं काम.

खाडीच्या तोंडाशी एक लांबलचक खडक आहे. त्याचं नाव म्हातारी. समुद्राची लाट तिच्यावर फुटली की पांढरा फेस पसरतो. म्हातारीने केस सोडले, असं आम्ही म्हणतो. केस बांधलेले असले की तिच्या शेजारच्या खोल पाण्यातून बाहेर पडायचं. सुटलेले असले की घरी बसायचं. तांडेलाचं खरं कसब म्हणजे हे आधी ओळखणं. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळी तो धक्क्यावर उभा राहून पुढचं पाणी सांगतो. आज असं, उद्या असं, परवा असं. सांगण्याआधी कोणी काय वाटेल ते बोलावं. पण तांडेलाने एकदा पाणी सांगितलं की परत येईपर्यंत पाण्याबद्दल कोणी चकार शब्द काढायचा नाही. बापजाद्यांपासूनची रीत आहे.

*

सांगण्याआधी सगळ्यांत जास्त बोलायचा जोमाकाका. त्याचा उजवा गुडघा समुद्र ओळखतो, असं त्याचं म्हणणं. गुडघा ठणकला की दोन दिवसांत म्हातारी केस सोडणार.

एकदा त्याचा गुडघा इतका ठणकला की काका रडकुंडीलाच आला. दादाला पाणी चांगलं वाटत होतं, पण म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवून तो थांबला. एक दिवस गेला, दुसरा गेला. समोरून सगळे मचवे जाऊन परत आले. त्यांना विचारलं तर म्हणे समुद्र नुसता तेलासारखा.

मग पोशाने हळूच सांगितलं की परवा कल्याणच्या बाजारात काका बैलगाडीतून पडला होता.

दादा काकाच्या गुडघ्याजवळ वाकला आणि गुडघ्यालाच म्हणाला, "बाबा रे, पुढच्या वेळी समुद्र कुठला आणि बैलगाडी कुठली, तेवढं नीट सांग."

*

पाणी ओळखणाऱ्या माणसाचं लग्न कसं होतं ते ऐका.

वहिनीचं माहेर कल्याणचं. वऱ्हाड बाळकुमहून मचव्याने जाणार. भटजींनी पंचांग काढून पौर्णिमेचा मुहूर्त सांगितला. दादा म्हणाला, पौर्णिमेला उधाण, वळणावर पाण्याला ओढ फार, बायका घाबरतील. अष्टमीचं बघा. भटजी चिडले. मुहूर्त का तुझ्या सोयीने येतो, म्हणाले.

दादाने शांतपणे विचारलं, "वऱ्हाड मचव्यातून जाणार की मुहूर्तातून?"

झालं. अष्टमी ठरली. पाणी कसं, गायीच्या डोळ्यासारखं! एक बाई घाबरली नाही. एकाचं पागोटं ओलं झालं नाही. सगळे दादाचं कौतुक करतायत आणि कल्याणचा धक्का समोर दिसतोय, तेवढ्यात मचवा थांबला.

अष्टमीला पाणी शांत असतं, कारण भरती अर्धीच चढते. हे आमच्यातल्या लहान पोरालाही माहीत. फक्त नवरदेव विसरला होता. धक्क्यापर्यंत पाणी चढलंच नाही. मधे सगळा चिखल.

नवरदेवाला जोमाकाकाने खांद्यावर घेतलं. चार पावलांवर काकाचा गुडघा दुमडला आणि दोघं चिखलात बसले. वहिनी काठावर करवल्यांच्या मागून बघत होती. पुढे संसारात कधीही दादा आपल्या अकलेबद्दल बोलायला लागला की ती एवढंच विचारायची, "पाय धुतले का?"

*

पोशा मूळचा घाटावरचा. पहिल्यांदा म्हातारीचा फेस दिसला तेव्हा त्याने विचारलं होतं की एवढा कापूस कोणी पिंजला. नंतर तो तयार झाला, पण पोटाने मात्र घाट सोडला नाही. समुद्राचा हेलकावा खाडीत आत शिरला की आम्हाला काही कळायच्या आधी पोशाच्या पोटाला कळायचं.

दादाने याचा उपयोग करून घेतला. घोडबंदर मागे पडलं की तो पोशाला भाकरी द्यायचा आणि त्याच्या जबड्याकडे बघत बसायचा. पोशा चावतोय तोवर पुढे चला. पोशा चावायचा थांबला की नांगर टाका. आमचा मचवा एका माणसाच्या दाढांवर चालतो, हे आम्ही दुसऱ्या मचव्यांना कधी सांगितलं नाही.

एकदा वहिनीने सुक्या बोंबलाची चटणी दिली होती. पोशा खात राहिला. एक भाकरी संपली, दुसरी संपली. दादा खुशीत, म्हणाला सोडा शीड. आणि वळण घेतलं तर समोर म्हातारी केस मोकळे सोडून बसलेली. कसेबसे मागे फिरलो. सरपण भिजलं, आम्ही भिजलो, शिध्यातली डाळ वाहून गेली. पोशा पांढराफटक पडला होता, पण बोटं चाटत होता.

घरी आल्यावर दादाने वहिनीला बजावलं, "उद्यापासून स्वयंपाक जरा वाईट करत जा."

*

तोंडाशी पोहोचलो की दादा डोलकाठीवर चढायचा. मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत, वऱ्हाडासारख्या घोळक्याने येतात. घोळका गेला की पाणी दम घेतं. त्या दमात निघायचं. खालून हे दिसत नाही, म्हातारीची पाठ आड येते. म्हणून वर चढायचं आणि बघायचं.

दादा मात्र फार बघायचा. एक घोळका गेला, दुसरा गेला, दादा आपला वरच. दुसरे मचवे आमच्या शेजारून निघून जायचे. एकदा उत्तनचा एक तांडेल जाता जाता ओरडला, काय रे हिऱ्या, वर अंडी घालतोस काय?

दादा वरूनच म्हणाला, "हो. परत येताना दोन घेऊन जा."

दादाच्या मचव्यावर कधी कोणाचं बोटही चेंगरलं नाही, ते असं.

*

या श्रावणात दादाला ताप आला.

पावसाळ्यात मचवे ओढून, शाकारून ठेवलेले असतात. कामधंदा नाही. त्यामुळे आम्ही तिघंही त्याच्या उशाशी बसून. वैद्याने नाडी धरली तर दादा त्यालाच पुढच्या तीन दिवसांचं पाणी सांगायला लागला. वैद्य मान हलवत होता, आम्हाला वाटलं त्याला पटतंय.

जोमाकाकाला काय बोलावं ते सुचेना, म्हणून तो म्हणाला की आज गुडघा दुखतो. दादाने डोळे उघडले. म्हणाला, "काका, आता तो गुडघा खाडीत सोडून द्या. नारळाबरोबर."

दोन दिवसांनी दादा गेला. नारळीपौर्णिमा यायची होती.

पौर्णिमेला मचव्याच्या तांडेलाने खाडीला नारळ द्यायचा. आमच्याकडे तांडेल नाही. काकाने नारळ माझ्या हातात दिला आणि म्हणाला, हळूच सोड, हात जोड. मी सोडला नाही. मी तो सगळ्या ताकदीने फेकला. पलीकडच्या मचव्याच्या कडेवर आपटून त्याचे तुकडे उडाले.

 मग काका माझ्या कानाशी म्हणाला, "नथू, नारळ वाहायचा असतो रे. मारायचा नसतो."

*

आता शेवटचा किस्सा सांगतो.

शेठचा माणूस आला. सरपण भरून पडलंय, म्हणाला. गणपतीच्या आत पोहोचलं नाही तर शेठ मचवा विकणार आणि माल आगगाडीने पाठवणार. आगगाडीला म्हातारी आडवी येत नाही.

मचवा दादाच्या हातचा. त्याचं एकेक दोरखंड त्याने वळलेलं. काका आणि पोशा, दोघांनाही दुसऱ्या मचव्यावर कोणी घेणार नाही. एक म्हातारा, दुसऱ्याचं पोट असं. तरी आमचा पाय निघेना. कारण पाणी कोणी सांगायचं?

रोज संध्याकाळी तिघं धक्क्यावर बसायचो. काका म्हणायचा, आज नको, ती रागात असेल. पोशा म्हणायचा, उद्या नको, मला भूक नाही. म्हातारी तिथून दिसतसुद्धा नाही. पोहोचायला अख्खी ओहोटी लागते. आणि आम्ही बसल्या जागी तिला घाबरून, गुडघ्यात मान घालून.

एका संध्याकाळी वहिनी धक्क्यावर आली. दादा गेल्यापासून ती घराबाहेर पडली नव्हती. आमच्याकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "ते गेले म्हणून तुम्ही तिघांनी असं बसायचं ठरवलंय का?"

मी उठलो. दादा उभा राहायचा तिथे जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "आज सपाट. उद्या सपाट. परवा सपाट."

काकाने विचारलं, कशावरून? पण माझं सांगून झालं होतं. त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तोंड मिटलं.

पहाटे निघालो. वारा पडलेला. खाडी आरशासारखी. घोडबंदर मागे पडलं आणि मचवा पायाखाली हळूच उचलला गेला, हळूच खाली बसला. पोशाने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. वळण घेतलं तर समोर म्हातारी. वाऱ्याची झुळूक नाही, आणि तिचे केस कमरेपर्यंत सुटलेले.

नांगर टाकला. पाण्याबद्दल बोलायचं नाही, ही रीत. त्यामुळे दोघं कशाकशाबद्दल बोलायला लागले. काका म्हणाला, यंदा भात बरं दिसतं. पोशा म्हणाला, हो, बरं दिसतं. दोघांचे डोळे त्या फेसावर. मागे फिरलो तर मचवा गेला. पुढे गेलो तर काय, ते कोणी बोलायचं नव्हतं.

मी डोलकाठीवर चढलो. दादा चढायचा तिथवर चढलो. मला नुसतं पांढरं दिसलं. घोळका कुठला, दम कुठला, काही कळेना. दादाला दिसायचं ते काठीवरून दिसायचं असं मी इतकी वर्षं समजत होतो.

खाली उतरलो, धोतर आवळलं आणि पाण्यात उडी मारली. मागून काका माझ्या आईबापांचा उद्धार करत होता. त्यात पाण्याबद्दल एक शब्द नव्हता. ओहोटीमुळे म्हातारीची पाठ उघडी पडली होती. कालवांनी पाय चिरत मी वर चढलो आणि टोकाशी जाऊन उभा राहिलो.

तिथून सगळं दिसत होतं. काळ्या घड्या पडाव्यात तशा लाटा दुरून येत होत्या, एकीमागून एक. मी हात वर केला. थांबा.

पहिली माझ्या गुडघ्यापर्यंत आली. दुसरीने मला बसवलं. मी उठलो. हात वर होता. पोशा वल्हं धरून उभा होता. काकाने नांगराचा दोर हातात घेतला होता. तो रडत होता की त्याच्या तोंडावर पाणी उडालं होतं, ते लांबून कळत नव्हतं. तो फेसाकडे बघत नव्हता. माझ्या हाताकडे बघत होता.

आणखी एक आली, सगळ्यांत मोठी. ती माझ्या डोक्यावरून गेली. पाणी उतरलं तेव्हा मी खडकाला एका हाताने धरून होतो. दुसरा वरच होता.

मागे समुद्र गुळगुळीत झाला.

मला घ्यायला थांबायला तेवढा दम पुरणार नव्हता. त्यांच्यासाठी मी केलेलं हे शेवटचं. मी हात खाली केला. निघा.