हात वर करून घेतलेली रॅम

आमच्या संघटनेत सगळं हात वर करून ठरतं. मोर्चा कुठून काढायचा, फलकाला रंग कोणता, बैठकीत चहा आधी की नंतर. बाहेरचे हसतात. मला हसू येत नव्हतं, अजूनही येत नाही. जिथं कुणी विचारत नाही तिथं हात मोजले जाणं ही मोठी गोष्ट आहे, असं मी स्वतः कित्येक पत्रकांत लिहिलंय.

तरी त्या ठरावाचा राग माझ्या डोक्यातून जात नाही.

झालं असं. जिल्ह्यातल्या एका कारखान्यासाठी ऊस तोडणाऱ्या टोळ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, माळावर पडल्या होत्या. तिथं संडास नाही, दिवा नाही. आमची मागणी तेवढीच होती, कोप्यांजवळ संडास आणि उजेड. तिच्यावर धाराशिवला जिल्हा कार्यालयातल्या साहेबांसमोर सुनावणी लागली. लागली कधी, तर ऐन हंगामात, कामाच्या दिवशी, भर दुपारी. बायका तेव्हा उसाच्या फडात. ज्यांच्यासाठी सुनावणी, त्यांनाच येता येऊ नये अशी वेळ काढायला डोकं लागतं, आणि ते या लोकांकडं भरपूर आहे.

म्हणून आम्ही बायकांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. वाशी तालुक्याकडची एक बाई सगळ्यांत शेवटी बोलली. "रातच्याला पोरीला भाईर एकटी कशी धाडू? मी जाते संगं. मग बारकं कोपीत एकटंच ऱ्हातं. त्या दिशी रांगत चुलीकडं गेलं." तिनं लेकराचा हात कॅमेऱ्यापुढं धरला. बोटं एकमेकांना चिकटलेली. मग मला म्हणाली, "ताई, माझं तोंड दाखवू नगा. मुकादम टोळीतनं काढंल. हात दाखवा. साहेबाला हात नीट दिसू द्या."

मी शब्द दिला. चेहरे झाकायचे, सगळ्यांचं मिळून पाच मिनिटांत बसवायचं, आणि मोबाईलमधलं पुसून टाकायचं, म्हणजे कुणाच्या हाती लागायला नको. सगळं संघटनेच्या लॅपटॉपमध्ये घेतलं, मोबाईल पुसले.

लॅपटॉप कुणीतरी वापरून दिलेला. पत्रक टाईप करायला ठीक. व्हिडिओ जोडायला घेतला की गोठायचा. एक चेहरा झाकला की बंद पडायचा. रॅम वाढवायची, हे उघड होतं. सुनावणीला थोडेच दिवस उरले होते, म्हणून विषय बैठकीत आला.

बाजारात दोन तऱ्हेच्या मिळत होत्या, डीडीआर थ्री आणि डीडीआर फोर. मी म्हटलं, "आपला लॅपटॉप जुना आहे. आधी मागचं झाकण काढून आतली पट्टी बघू, तसलीच आणू."

आमचे ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तीन जुनी की चार?"

"तीन जुनी."

"मग चार घ्या. पैसे घालून मागं कशाला जायचं? संघटना पुढं जाणारी आहे."

"भाऊ, हे पुढं-मागं नसतं. बसेल तीच बसते."

"बसवायला तू आहेस की. हं, चारच्या बाजूनं हात वर करा."

सगळे हात वर. माझा खाली. कोपऱ्यातली एक मैत्रीण कुजबुजली, "कर गं वर, चहा गार होतोय." मी नाही केला. पण ठराव झाला की ज्यानं विरोध केला त्यानंच तो अमलात आणायचा, ही आमच्याकडची शिस्त. त्यामुळं आणायला मीच गेले. लॅपटॉप सोबत नेऊ दिला नाही, कारण भाऊ त्याच्यावर निवेदन टाईप करत होते.

दुकानदारानं विचारलं, "मॉडेल कुठलं?"

"ऑफिसात आहे."

"मग तीन देऊ का चार?"

"चार. ठरलंय तसं."

"कुणी ठरवलं?" तो हसला. "घ्या बापडे. पाकीट फोडलं की परत न्हाय घेणार."

सुनावणीच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर झाकण उघडलं. जुनी पट्टी काढली, नवी लावायला घेतली. बसेना. पट्टीच्या कडेला एक खाच असते आणि जागेत तिच्यासाठी एक उंचवटा. खाच एकीकडं, उंचवटा दुसरीकडं. आंधळ्यालाही बोटानं कळावं इतकं साधं. मी हात काढून घेतला.

"दाब की पोरी. नवीन आहे, घट्टच जाणार."

"भाऊ, ही याची नाहीच."

"सर तिकडं." भाऊंनी अंगठा ठेवला आणि दाबला. टक् असा आवाज आला. जागेतला उंचवटा तुटून पडला होता, बारीक पितळी काटे वाकले होते. मग जुनी पट्टी परत लावून बघितली. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. दुरुस्तीवाल्यानं आतलं काढून द्यायलाही दोन-चार दिवस मागितले.

सुनावणीला आम्ही तोंडीच सांगितलं. भाऊ फार छान बोलले, आमच्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पेन बंद केलं. "हे तुम्ही ऐकलेलं सांगताय. बायका कुठंयत?"

"उसात," मी म्हणाले.

"मग आणायचं ना त्यांना."

मी त्या हाताबद्दल सांगितलं. बोटांबद्दल सांगितलं. साहेब मान हलवत होते, आणि पुढची फाईल उघडत होते. सांगितलेला हात हा हात नसतो. 'तथ्य आढळले नाही' असा शेरा पडला आणि विषय मिटला.

पुढच्या बैठकीत भाऊंनी खेदाचा ठराव मांडला. एकमतानं मंजूर झाला. या वेळी मी बैठकीतच नव्हते, म्हणून एकमत. दुरुस्तीवाल्यानं लॅपटॉपमधली डिस्क काढून दिली. सगळ्या बायका तिच्यात आहेत, एकही शब्द गेलेला नाही. ती डिस्क आता ऑफिसच्या कपाटात, जुन्या फलकांच्या मागं पडून आहे.

मी कोप्यांवर गेले. ती वाशीकडची बाई वाढ्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती, लेकरू पाठीशी बांधलेलं. मला बघून उठली, पदराला हात पुसले.

"बघितलं का साहेबानं?"

"न्हाय."

"हात बी न्हाय?"

"हात बी न्हाय."

माझ्याकडं कारण तयार होतं. खाच, उंचवटा, ठराव, भाऊंचा अंगठा. यातलं एकही तिच्या कामाचं नव्हतं. ती वाट बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मग त्या दिशी मी कुणाला सांगत हुते?"

उत्तराला थांबली नाही. खाली बसली आणि पेंढीला गाठ मारायला लागली. लेकराचा तो हात तिच्या खांद्यावरून पुढं लोंबत होता, अगदी माझ्यासमोर, नीट दिसेल असा.