सातूचं पाणी

मामंजींच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात बिअरची बरणी. दोन्ही त्यांनी सारख्याच निष्ठेने सांभाळल्या. जन्मात कधी दारूचा थेंब त्यांच्या जिभेला लागला नव्हता. शेजारी मटण शिजलं तरी ते उठून मागच्या अंगणात जाऊन बसायचे. आणि असा माणूस दर पंधरवड्याला घरात बिअर करायचा. ऐकणाऱ्याला हसू येतं. पूर्वी मलाही यायचं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. मूळचे परंदवडीचे शेतकरी, पण सगळी हयात घाटातल्या इंजिनांवर गेली. फायरमनचे ड्रायव्हर झाले, रिटायर झाले आणि लोणावळ्यात भांगरवाडीला चार खोल्यांचं कौलारू घर बांधून राहिले. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच. मामंजी, त्यांचा एकुलता एक मुलगा दत्तू, म्हणजे आमचे हे, आणि मी. आम्हाला मूलबाळ झालं नाही.

हे रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते आणि हे प्यायचे. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. चांगला शांत माणूस रोज संध्याकाळी थोडा थोडा कमी व्हायचा, एवढंच. तेव्हा दारूबंदी होती. म्हणजे दारू सगळीकडे मिळायची, फक्त पत्ता विचारावा लागायचा. यांचा पत्ता रुळांपलीकडच्या नाल्याजवळचा गुत्ता. तिथे हातभट्टीची मिळायची, आणि तिच्यात काय काय घालतात हे घालणाऱ्यालाच माहीत.

एकदा शेडमधला यांच्याच बरोबरीचा एक फिटर तसलीच कुठली तरी पिऊन आला. आधी डोळे गेले, मग माणूस गेला. मामंजी त्याच्या मातीला जाऊन आले, अंघोळ केली, आणि ओल्या अंगानेच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, चहा हवाय.

"सूनबाई, सातूला मोड आणता येत्यात का गं?"

मी इंदुरीची, शेतकऱ्याची मुलगी. नाचणीला मोड आणून, वाळवून, सत्त्व करत आमचं लहानपण गेलं. म्हटलं, "येतात की. सातूला काय सोनं लागलंय?"

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ज्या अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या हाताखाली ते कोळसा ओढायचे, त्याची बायको क्वार्टरमध्ये बिअर करायची. मामंजी तिला विहिरीचं पाणी भरून द्यायचे, तेव्हा लांबून पाहिलेलं. अर्धं आठवत होतं, अर्धं नव्हतं. "दत्तू प्यायचा र्‍हात न्हाई, हे मला कळलंय," ते म्हणाले. "पण घरात पिलेला मानूस पडला तर घरातच पडतो. डोळं तरी र्‍हातील त्याचं."

अशी आमची भट्टी सुरू झाली. सातू भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून कढईत मंद भाजायचे आणि जात्यावर भरड काढायची, हे माझं खातं. पुढचं मामंजींचं. भरडीवर कढत पाणी ओतून ते तासभर मुरवायचे, जुन्या पंच्यातून गाळायचे आणि मग गूळ घालून उकळायचे. बिअरला जे कडू लागतं, ते त्या मडमेकडे परदेशातून यायचं. आमच्याकडे ते कुठलं? मामंजींनी काष्ठौषधीच्या दुकानातून काडेचिराईत आणलं. खमीर बेकरीवाल्याकडचं. सगळं बरणीत घालून तोंडाला फडकं बांधलं की ते बरणीला हात जोडायचे. देवाला जोडतात तसेच, दोन्ही. मला राहवायचं नाही. "मामंजी, पांडुरंगाला कळलं तर?" मी विचारायची.

"त्याला बी पोरं हायत," ते म्हणायचे.

शेजारीपाजारी आम्ही सांगत असू की हे सातूचं पाणी आहे, मामंजींना मुतखड्याचा त्रास आहे. मुतखडा बिचारा कधी झालाच नाही. एकदा आमचे शेजारी हवालदार ओट्यावर गप्पा मारत बसले होते आणि आत, बरणीतून भरून बूच लावून ठेवलेली एक बाटली फुटली. बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज. हवालदार उठलेच. मामंजी मात्र आत गेले आणि पेला भरून घेऊन आले. "सातूचं पानी हाय. मुतखड्यावर. तुमाला बी तरास हाय न्हवं?" हवालदारांनी ते उभ्याने पिऊन टाकलं, मिशी पुसली, थोडा वेळ छपराकडे पाहिलं. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. म्हणाले, पुष्कळ आराम आहे.

पण बिअर हवालदारांसाठी नव्हती. संध्याकाळी हे शेडमधून आले की मामंजी पाट मांडायचे. पेला, शेंगदाणे, कांदा. समोर स्वतः चहाची कपबशी घेऊन बसायचे. "तू पी. मी बसतो," म्हणायचे. आणि बसायचे. ह्यांचा पेला तोंडाला जायचा, तशी मामंजींची नजर वर जायची. पेला खाली यायचा, नजर खाली. मी चुलीपाशी असायची, मीही बघायचीच. पहिला पेला संपला की त्यांचा ठरलेला प्रश्न, "कशी झालीय?"

"बरी आहे, आबा."

कधी "पातळ आहे" म्हणाले, तर पुढच्या खेपेला मामंजी मूठभर सातू वाढवायचे. स्वतः चाखून बघायची सोय नव्हती, गळ्यात माळ. स्वयंपाकात मीठ किती पडलं हे न चाखता सांगणारी बाई असते, तसे ते नुसत्या वासावर बिअर करत राहिले. दोन-अडीच वर्षं गुत्ता बराचसा सुटला. आमच्या घरातली ती सगळ्यात बरी वर्षं. तेव्हा ते कळलं नाही.

मग सरकारने दारूबंदी सैल केली आणि बाजारात एक परमिट रूम निघाली. हे तिकडे जायला लागले. घरी यायचे, पाटावर बसायचे, बापाच्या समाधानासाठी एक पेला प्यायचे आणि "जरा चौकात जाऊन येतो" म्हणून निघायचे. मामंजी उरलेली बाटली बूच लावून परत न्हाणीघरात ठेवायचे.

एके संध्याकाळी ते स्वतः जाऊन परमिट रूम पाहून आले. आत नाही गेले, दारातूनच पाहिली. आल्यावर मला म्हणाले, "खुर्च्या हायत तितं. पाटावर कोन बसतंय?" दुसऱ्या दिवशी घडीची लोखंडी खुर्ची आली. मग म्हणाले, "अंधार लय असतो गं. दिवा बारीक पायजे." त्यांनी बल्बला पतंगाचा लाल कागद गुंडाळला. त्या लाल उजेडात मला तांदळातले खडे दिसेनात आणि भिंतीवरचा विठोबा हनुमानासारखा दिसायला लागला. शेंगदाण्यांच्या जागी मसाल्याची चणाडाळ आली. एवढं करून मामंजी पुन्हा आपल्या पाटावर, खुर्चीच्या समोर, चहाची कपबशी घेऊन बसायचे. "तू पी. मी बसतो."

हे एक पेला प्यायचे आणि चौकात जायचे.

एका रविवारी सकाळी हे स्टोव्ह दुरुस्त करत बसले होते. हात कामात होते, डोकं ताळ्यावर होतं. मी विचारलं, "घरी एवढं करून ठेवतात ते. तिकडे जास्त काय आहे?" यांनी पिन नळीत घातली, काढली, फुंकर मारली. चिडले नाहीत.

"तिथं माझ्याकडे कोणी बघत नाही," म्हणाले.

हे मामंजींना कसं सांगायचं? 'तुम्ही समोरून उठा' असं कुठल्या सुनेने सासऱ्याला सांगितलंय? आणि बघायची तर मीही. मी स्टोव्ह घेतला, चहा ठेवला. पुढे पुष्कळ दिवस आम्ही तिघंही जसं चाललं होतं तसंच चालवत राहिलो.

यांना कावीळ झाली ती उतरलीच नाही. परंदवडीचा झाडपाला झाला, पुण्याचं हॉस्पिटल झालं. डॉक्टर म्हणाले, यकृत संपलंय. शेवटी घरी आणलं. मामंजी उशाशी बसून असायचे आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. पाऊस उघडला त्या आठवड्यात गेले. डोळे शेवटपर्यंत चांगले होते.

मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, येईल हळूहळू. अजून आलेलं नाही. मी पाहुण्यांचा स्वयंपाक केला, भांडी मोजून परत दिली, लाल कागद काढून टाकला. अंग होतं, मी त्यात नव्हते. मामंजींचंही तसंच असावं. आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

तेरावं झाल्यावर न्हाणीघर धुवायला काढलं, तर बंबामागे बिअरच्या बाटल्या निघाल्या. यांना अंथरूण धरण्याआधीच्या. मी त्या मोरीत ओतायला घेतल्या, तेवढ्यात मामंजी म्हणाले, "थांब."

त्यांनी गळ्यातली माळ काढली. वीस-पंचवीस वर्षांत ती त्यांच्या गळ्यातून निघाल्याचं मी ऐकलं नव्हतं. ती खुंटीवर अडकवली, एक बाटली उघडली, ह्यांच्याच पेल्यात ओतली आणि उभ्याने एक घोट घेतला. तोंडात धरला. गिळला.

"वाईट न्हवती गं," ते म्हणाले.

मी हातातली बाटली मोरीच्या कडेला ठेवली.

"मंग तिकडं का जात होता त्यो?"

उत्तर मला ठाऊक होतं. पण माळ काढल्यावर तो गळा इतका बारीक आणि पांढरा दिसत होता, की ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "थंड नसायची, मामंजी. तिकडे बर्फातली मिळते."

त्यांनी मान डोलावली. पुष्कळ वेळ डोलावत राहिले. "व्हय," म्हणाले. "मी दारातनं बगितलं. बर्फाचं कळलं न्हाई मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बाजारातून आले तेव्हा खांद्यावर गोणपाट होतं आणि सदऱ्याची पाठ ओली. गोणपाटात भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी. त्यांनी ती घंगाळात ठेवून दगडाने फोडली आणि उरलेल्या बाटल्या तिच्यात रोवल्या. आम्ही दोघं घंगाळाच्या दोन बाजूंना बसून राहिलो. दुपारी त्यांनी एक बाटली पुसून उघडली, पेला भरला आणि माझ्यासमोर ठेवला.

"मी?"

"दुसरं कोन हाय हितं?"

सासऱ्यासमोर मी कधी चहासुद्धा प्यायले नव्हते. माझा हात पुढे जाईना. ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी ती लोखंडी खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"पी तू," ते म्हणाले. "मी बगत न्हाई."

आणि म्हणता म्हणता ते थांबले. खुर्चीच्या दांड्यावरचा त्यांचा हात तसाच राहिला. त्यांचं तोंड मला दिसत नव्हतं. नुसती पाठ दिसत होती, आणि खुंटीवरची माळ. ती माळ त्यांनी पुढे कधीच घातली नाही.

मी प्यायले. कडू होती, आणि दात ठणकतील इतकी गार.

बऱ्याच वेळाने, वळून न बघता, त्यांनी विचारलं, "कशी झालीय?"

"थंड झालीय, मामंजी," मी म्हटलं.